एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाने चालायचं की बसायचं?

मृण्मयी_सातारा
नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांसाठी विचारते आहे.

बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त गणिताचे शिक्षक. गेली वीस वर्षं आठवड्यातून चार वेळा अजिंक्यतारा चढत होते. मार्चमध्ये एका रात्री छातीत प्रचंड धडधड सुरू झाली. दवाखान्यात ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन. सकाळपर्यंत ठोके आपोआप ताळ्यावर आले. इको (हृदयाची सोनोग्राफी) केली. झडपा ठीक आहेत, हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, फक्त डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय. बीपी आधीपासून आहे. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ ठेवणारी अपिक्साबान सुरू केली.

तेव्हापासून बाबा खुर्चीतून उठत नाहीत. डॉक्टरांनी "हलकं चालत जा" एवढंच सांगितलं, पण घरी येणारा प्रत्येक जण "हृदयाचं दुखणं आहे, जपा हो" म्हणून जातो. आईने पिशव्या उचलणंसुद्धा बंद केलंय. तीन महिन्यांत वजन चार किलो वाढलं, बीपी वाढलं आणि ती धडधड आणखी दोनदा येऊन गेली. माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस म्हातारा होत चाललाय.

या आजारात व्यायाम चालतो का? की त्यानेच ठोके बिघडतात? ज्यांच्या घरात कुणाला हा त्रास आहे त्यांनी कृपया अनुभव लिहा.

अण्णा_ठाणेकर
ताई, मला २०१६ पासून आहे. रोज सकाळी तलावपाळीला चार फेऱ्या. बाबांना उठवा.

दगडधोंडे
मी थोडं वेगळं सांगतो. माझ्या काकांना ट्रेकला असतानाच याच आजाराचा पहिला झटका आला. चढावर ठोके वाढले आणि परत ताळ्यावर आलेच नाहीत, खाली आणताना आमची पुरेवाट झाली. माझ्या मते वय ६५ च्या पुढे आणि हृदयाचा प्रश्न असेल तर विश्रांतीच बरी. गोळ्या आहेत ना, त्यांचं काम त्यांना करू द्या.

नाडीपरीक्षा
मी फिजिशियन आहे. इथे कुणाचा इलाज करत नाही, फक्त आजार समजावून सांगतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे आलिंद, नेहमी एका लयीत आकुंचन पावतात. एएफमध्ये, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, त्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विजेचे संदेश उसळतात, त्यामुळे ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मधली गाठ, म्हणजे एव्ही नोड, त्यातले काहीच खाली सोडते, तेही वेडेवाकडे. म्हणून नाडी हाताला पूर्णपणे बेताल लागते. थरथरणाऱ्या कप्प्यात, विशेषतः डाव्या आलिंदाच्या छोट्या खिशात, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. व्यायाम कितीही केला, ठोके कितीही सुधारले, तरी ती गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. हे सगळ्यात आधी घरातल्या सगळ्यांना सांगा.

आता आलिंद बिघडतं कशाने? उच्च रक्तदाब, वाढलेलं वजन, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, दारू. या सगळ्यांनी आलिंद ताणलं जातं, त्याच्या भिंतीत चट्टे पडतात, आणि अशा भिंतीत विजेचे संदेश वाट चुकतात. यांतल्या दारूखेरीज प्रत्येक गोष्टीवर चालण्याचा परिणाम होतो. तुमच्या बाबांचं वजन आणि बीपी वाढलं आणि धडधड परत आली, हा योगायोग असेलच असं मला वाटत नाही.

दगडधोंडे, तुमच्या काकांना आधी एएफ आहे हे माहीत होतं का? औषध चालू होतं का? निदान न झालेला माणूस सरळ चढाला लागणं आणि औषधाने ठोके आवरलेला माणूस सपाटीवर चालणं, यांत फार अंतर आहे.

दगडधोंडे
नाही, माहीत नव्हतं. तिथेच कळलं.

दूरदेशी
मी अॅडलेडला (ऑस्ट्रेलिया) राहतो. या विषयावरचं बरंच काम इथेच झालंय, म्हणून लिहितो.

२०१५ साली इथल्या डॉक्टरांनी दोन अभ्यास छापले. एकात वजन जास्त असलेले ३५५ एएफचे रुग्ण होते. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवलं आणि टिकवलं, त्यांच्यातले ४६ टक्के लोक औषध किंवा अॅब्लेशनशिवाय (म्हणजे नळी घालून आलिंदातला बिघडलेला भाग निकामी करण्याशिवाय) एएफमुक्त राहिले. दुसऱ्यात ३०८ जण होते, आणि ज्यांचा दमसास व्यायामाने जास्त सुधारला त्यांचा आजार कमी उलटला.

पण हे निरीक्षण झालं. खरी चाचणी नंतर आली, ॲक्टिव्ह-एएफ. १२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार आणि सल्ला, दुसऱ्याला त्याच्या जोडीला सहा महिने देखरेखीखाली आणि घरी असा व्यायाम, हळूहळू वाढवत आठवड्याला २१० मिनिटांपर्यंत. वर्षाअखेर पहिल्या गटात शंभरातल्या ८० जणांचा एएफ परत आला होता, व्यायामाच्या गटात ६० जणांचा. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही आठवड्याला २१० मिनिटांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे रोज अर्धा तास.

मी स्वतः रुग्ण नाही. माझी बायको आहे. ती टॉरेन्स नदीच्या काठाने चालते आणि परत आली की चेहरा वेगळा असतो.

शून्यलब्धी
आकड्यांचं काम करतो म्हणून बोलतो. व्यायाम करूनही शंभरात ६० जणांना परत आलाच ना? मग याला 'उपचार' म्हणणं जड जातंय. शिवाय आपण व्यायामाच्या गटात आहोत की नाही हे प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे "मला बरं वाटतंय" या उत्तरावर किती विसंबायचं? आणि १२० माणसं म्हणजे फार नाहीत. मला व्यायामाला विरोध नाही, पण लोक हे वाचून गोळ्या सोडतील ही भीती खरी आहे.

नाडीपरीक्षा
शून्यलब्धी, शंका योग्य आहेत. पण ८० चे ६० होणं ही लहान गोष्ट नाही. अॅब्लेशननंतरसुद्धा अनेकांचा एएफ उलटतो, म्हणून आपण त्याला उपचार म्हणायचं सोडत नाही.

आणि "बरं वाटतंय" या अडचणीवर नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये छान मार्ग काढला होता. ५१ रुग्णांच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं यंत्रच बसवलं. निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, चार मिनिटं जोरात आणि मग थोडं हळू, असे चार फेरे करायला लावले. त्यांचा एएफमध्ये जाणारा वेळ ८.१ टक्क्यांवरून ४.८ वर आला. उरलेल्यांचा १०.४ वरून १४.६ वर गेला. यंत्राला काही वाटत नसतं.

तरी तुमचं एक म्हणणं मी अधोरेखित करतो. व्यायामाने आयुष्य वाढतं किंवा पक्षाघात टळतो असं या चाचण्यांनी दाखवलेलं नाही. झटके कमी, त्रास कमी, दम वाढतो, इतकंच म्हणता येतं. गोळीच्या सोबत, गोळीच्या जागी नाही.

मृण्मयीताई, तो नॉर्वेचा प्रकार लगेच घरी करायचा नाही. ती माणसं तपासणी होऊन, देखरेखीखाली करत होती.

कृष्णाकाठ
सगळे उत्साहात आहात म्हणून मुद्दाम लिहिते आहे. कृपया "एएफ आहे, चला चाला" असं सरसकट लिहू नका.

मला एएफ आहे तो वेगळ्या कारणाने. लहानपणी घसा दुखायचा, मग ताप आणि गुडघे-घोटे सुजायचे. त्या तापाने हृदयाची झडप खराब झाली हे कळलं ते पहिल्या बाळंतपणात, सातव्या महिन्यात जिना चढताना श्वास कोंडला तेव्हा. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे डावीकडची झडप अरुंद. तेव्हाच फुग्याने ती रुंद केली. आपल्याकडे माझ्यासारख्या बायका किती आहेत हे जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत बसल्यावर कळतं.

अरुंद झडपेत ठोके वेगाने पडले की रक्ताला खाली उतरायला वेळच मिळत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं. आम्हाला जोराचा व्यायाम म्हणजे औषध नाही, धोका आहे. आणि तुम्ही सांगता त्या अॅडलेड-नॉर्वेच्या चाचण्यांतले रुग्ण आमच्यासारखे नव्हतेच. आमची रक्त पातळ ठेवणारी गोळीसुद्धा वेगळी, एसिट्रॉम. अपिक्साबानसारख्या नवीन गोळ्या आम्हाला देत नाहीत.

ताईंच्या बाबांच्या झडपा ठीक आहेत, त्यामुळे त्यांनी जरूर चालावं. पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या झडपा ठीक नसतील. आधी इको, मग बूट.

नाडीपरीक्षा
कृष्णाकाठ, मनापासून आभार. हे मीच पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. पूर्ण सहमत.

अण्णा_ठाणेकर
"आधी इको, मग बूट" हे मी तलावपाळीच्या आमच्या कट्ट्यावर लिहून लावणार.

पालेभाजी_प्रेमी
अवांतर आहे, पण एसिट्रॉमचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. सासूबाईंना हीच गोळी आहे. कुणीतरी सांगितलं पालक, मेथी, कोथिंबीर सगळं बंद. अळूचं फतफतं त्यांचा जीव की प्राण, दोन वर्षं तोंडाला लावलं नाही. खरंच बंद करावं लागतं?

कृष्णाकाठ
नाही हो! मला माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की पालेभाजी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, वरखाली होतो. हिरव्या भाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण सारखं ठेवायचं. त्यांच्या डॉक्टरांना सांगून सुरू करा आणि पहिल्या काही आठवड्यांत आयएनआर तपासा.

पालेभाजी_प्रेमी
सासूबाईंना वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. उद्या डॉक्टरांना फोन करते. हो म्हणाले की लगेच अळू.

बेचाळीस_किमी
मी धाग्यात उशिरा आलो, पण मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय. मला एएफ झाला तो बसून नाही, धावून.

वय ५३. अकरा पूर्ण मॅरेथॉन, साताऱ्याची हिल हाफ सहा वेळा, वर्षाला अडीच हजार किलोमीटर. बीपी नाही, वजन नाही, साखर नाही. एका रविवारी लांब पल्ल्यानंतर आंघोळ करताना छातीत मासा तडफडल्यासारखं झालं. निदान ऐकून मी डॉक्टरांशी भांडलो होतो.

मग वाचत गेलो. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत आहे. तिथल्या ५२,७५५ स्पर्धकांचा मागोवा घेतला होता. पाच किंवा जास्त वेळा शर्यत पूर्ण करणाऱ्यांना एएफचं प्रमाण एकदाच करणाऱ्यांपेक्षा साधारण तीस टक्के जास्त निघालं. वर्षानुवर्षं टोकाचा ताण दिला की आलिंद मोठं होत जातं, असं मला समजावलं गेलं.

माझा उपचार व्यायाम कमी करणं हा होता. आता आठवड्याला चार दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटं, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. सुरुवातीला फार वाईट वाटलं, पदकांकडे बघवत नव्हतं. पण गेल्या चौदा महिन्यांत एकच झटका आलाय. हे सांगतोय कारण गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एकाला धडधड होत होती आणि तो "इलेक्ट्रॉल कमी पडलं असेल" म्हणत धावतच राहिला.

शून्यलब्धी
म्हणजे बसणाऱ्यालाही होतो आणि अति धावणाऱ्यालाही. मग मधली रेघ कुठे?

बेचाळीस_किमी
आठवड्याला २१० मिनिटांचं चालणं त्या रेघेच्या खूप अलीकडे आहे. साधा चालणारा माणूस तिथे पोचतच नाही. मृण्मयीताई, माझी गोष्ट वाचून बाबांना परत बसवू नका.

मिरामारची_लाट
गोव्यातून. दारूचा उल्लेख डॉक्टरांनी एका शब्दात उरकला, पण ती मोठी गोष्ट आहे. माझ्या भावाचे झटके कायम शनिवारच्या रात्री यायचे. ऑस्ट्रेलियातच १४० रुग्णांवर चाचणी झालीय. ज्यांनी दारू जवळपास सोडली त्यांच्यात ५३ टक्क्यांना एएफ परत आला, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात ७३ टक्क्यांना. भाऊ मिरामारला रोज चालायचा आणि मग फेणी घ्यायचा. फेणी सुटली तेव्हा चालण्याचा उपयोग दिसू लागला.

योगसाधक_नाशिक
प्राणायामाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? अमेरिकेत कॅन्सासमध्ये ४९ रुग्णांवर अभ्यास झालाय, २०१३ साली छापून आला. तीन महिने नुसतं निरीक्षण, नंतर तीन महिने योग. जाणवणारे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले. माझ्या आईचाही हाच अनुभव. फक्त कपालभातीसारखे जोराचे प्रकार आम्ही बंद ठेवले, संथ श्वास आणि सोपी आसनं.

शून्यलब्धी
यात वेगळा तुलनेचा गट नव्हता, आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची तुलना होती. पण संथ श्वास घेण्यात तोटा काही दिसत नाही. मी स्वतः करतो.

मृण्मयी_सातारा
सगळ्यांचे किती आभार मानू! प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी लाल पेनने आकड्यांखाली रेघा मारल्यात. आता प्रत्यक्षातले प्रश्न: किती वेगाने? घड्याळात ठोके किती दिसले की थांबायचं? आणि पुन्हा किल्ला चढता येईल का? (हा तिसरा त्यांचा.)

नाडीपरीक्षा
वेग: ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं "२२० वजा वय" हे सूत्र बाबांना लागू नाही. मेटोप्रोलॉल ठोके वाढूच देत नाही, त्यामुळे तो आकडा गाठायला गेले तर जीव दमेल. मनगटी घड्याळही एएफ चालू असताना चुकतं, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. त्यापेक्षा बोलून बघा. वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, हा वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं की हळू करायचं.

नाडी बोटांनी मोजायची असेल तर पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं बेताल नाडीत चुकीचं ठरतं. गणिताच्या सरांना हे पटेल.

सुरुवात दिवसातून दोनदा दहा मिनिटं, सपाटीवर. पहिली आणि शेवटची काही मिनिटं हळू, एकदम सुरू नाही आणि एकदम बंद नाही. दर आठवड्याला थोडं वाढवा. झटका चालू असेल त्या दिवशी व्यायाम नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर जागीच थांबायचं आणि दवाखाना. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांत एक मिनिटही घालवायचं नाही.

किल्ल्याचं उत्तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ट्रेडमिलवर बघून द्यावं. मी इथून देणार नाही.

बेचाळीस_किमी
एक भर. काहींना झटका आला की घ्यायची गोळी खिशात दिलेली असते, फ्लेकेनाइड वगैरे. ती घेतली त्या दिवशी अजिबात व्यायाम नाही. मला हे लेखी दिलंय.

अण्णा_ठाणेकर
आणि काठी किंवा चांगले बूट. रक्त पातळ असताना पडणं वाईट. मी गेल्या पावसाळ्यात घसरलो, डोक्याला मार बसला, टेंगूळसुद्धा नव्हतं, तरी मुलाने सरळ स्कॅनला नेलं. तेच बरोबर होतं. डोक्याला लागलं की वाट बघायची नाही.

माझा एएफ आता कायमचा आहे, लय परत येणार नाही असं सांगितलंय. तरी चालतो. सुरुवातीला अर्ध्या फेरीत बाकावर बसायचो, आता चार फेऱ्या सलग होतात. ठोके बेताल ते बेतालच, पण मी भाजी घेऊन तिसरा मजला चढतो.

दगडधोंडे
काकांना हा धागा पाठवला. ते गेली दोन वर्षं घरातच आहेत. माझ्याच सांगण्यावरून. उद्या त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जातोय.

मृण्मयी_सातारा
(अकरा आठवड्यांनंतर)
धागा वर काढते आहे. आज बाबांना लिहायचंय, माझ्याच आयडीवरून.

"सर्वांस नमस्कार. पहिल्या आठवड्यात एकूण ९५ मिनिटे चाललो, मागील आठवड्यात १९०. वजन ८८ वरून ८४.५ किलो. बीपीची एक गोळी अर्धी झाली, ती डॉक्टरांनी केली, मी नाही. या काळात धडधड एकदा आली, चाळीस मिनिटांत गेली. एका झटक्यावरून अनुमान काढणे बरोबर नाही, हे शून्यलब्धी यांनी लिहिण्यापूर्वी मीच लिहितो. परंतु दुपारी झोप न घेता वर्तमानपत्र वाचून होते, हे मार्चनंतर प्रथमच.

पावसामुळे बाहेर निसरडे आहे, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात चालतो. लांबी ६२ पावले. मुले 'सर, किती झाल्या?' असे विचारतात आणि मोजून देतात. कृष्णाकाठ यांचे वाक्य सौभाग्यवतींनी इकोच्या फाइलवर लिहून ठेवले आहे. ट्रेडमिल चाचणी पुढच्या महिन्यात आहे."

कृष्णाकाठ
सर, खूप आनंद झाला. व्हरांडा ओला असेल तर त्या दिवशी मात्र सुट्टी.

दगडधोंडे
काका सध्या दहा मिनिटं, अंगणात. सर, चालण्याच्या नोंदींची तुमची वही कशी आखली आहे त्याचा फोटो टाकाल का? काकांनी मागितलाय.